पूल क्यूची चामड्याची केस इथेच बनवून घेताना

पुण्यातल्या एका खेळाडूने विचारलं आहे: माझ्याकडे दोन तुकड्यांचा पूल क्यू (पूल खेळायची काठी) आहे, त्याला दोन शाफ्ट (पुढचे निमुळते तुकडे) आहेत, शिवाय ब्रेकसाठी, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्यासाठी, वेगळा क्यू. रोज दुचाकीवरून क्लबला जातो, स्पर्धा असली की मुंबईला, म्हणजे लोकलची गर्दी आलीच. ‘लेदर’ म्हणून घेतलेली केस तिसऱ्या पावसाळ्यात सोलून निघाली. आता पंधरा-वीस वर्षं टिकेल अशी, भारतातच बनलेली, खऱ्या चामड्याची केस हवी आहे. काय बघू, आणि कोणाकडून घेऊ?

मी चामड्याचं काम करतो. वाद्यांच्या आणि क्यूच्या केस बनवतो, त्याहून जास्त दुरुस्त करतो. म्हणून उत्तर दुरुस्तीच्या टेबलावरून देतो, कारण केस कशी टिकते हे ती कुठे मोडते ते पाहिल्यावरच कळतं. चांगल्या कातड्याची केस कातडं फाटलं म्हणून माझ्याकडे फारशी येतच नाही. ती येते पट्ट्याची कडी उपटली म्हणून, झाकणाची बिजागरी तुटली म्हणून, तळ खाली आला म्हणून, नाहीतर आतलं वेल्वेट सुटून क्यूला गुंडाळलं गेलं म्हणून. कातडं जिथे दुसऱ्या कशाला तरी जोडलेलं असतं, तिथे केस हरते. दुकानात मात्र सगळे वरच्या कातड्यावरून हात फिरवतात आणि निर्णय घेतात.

आधी तुमच्या जुन्या केसचं काय झालं ते सांगतो. ती सोलली याचा अर्थ वरचा थर चामड्याचा नव्हता. जनावराचं कातडं जाड असतं. ते यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर करतात. लव असते त्या बाजूचा वरचा थर म्हणजे ग्रेन. तंतू तिथे सर्वात घट्ट विणलेले असतात, ताकद आणि पाण्याला तोंड देण्याची क्षमता त्यातच. खालचा थर म्हणजे स्प्लिट. स्प्लिटवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवून त्यावर खोटे रोमरंध्र उमटवले की तो दुकानात ‘जेन्युइन लेदर’ म्हणून खपतो. शब्दशः ते खोटंही नाही, आत चामडं आहेच. पण पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होतं. कोकणपट्टीतल्या किंवा पुण्यातल्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेली अशी वस्तू वापरली नाही तरी सोलते. त्यावर कुठलंही पॉलिश, कुठलंही तेल चालत नाही. म्हणून ‘जेन्युइन’ या शिक्क्याकडे दुर्लक्ष करा आणि ‘फुल ग्रेन’, म्हणजे ग्रेनचा थर न घासता तसाच ठेवलेलं कातडं, आहे का, हे विचारा.

विचारून भागत नाही, बघायला लागतं. पट्ट्याची किंवा खिशाच्या झाकणाची कापलेली कड शोधा, जिथे रंग लावून ती झाकलेली नाही. कडेला वरच्या बाजूस प्लास्टिकची वेगळी, चकचकीत रेघ दिसली तर तो लेप आहे. फुल ग्रेनमध्ये वरचा भाग दाट आणि खाली जाताना तंतू मोकळे होत गेलेले दिसतात, मध्ये कुठे सांधा नसतो. मग कातडं आतल्या बाजूला वळवा. बारीक, जिवंत सुरकुत्या पडून परत जाव्यात. मोठ्या, पोकळ, नळ्यांसारख्या वळ्या उठत असतील तर ते पोटाचं कातडं आहे. पाठीचं कातडं दाट असतं, पोटाचं सैल आणि ताणणारं. खिशांना पोटाचं चालेल. पट्टा मात्र पाठीच्या कण्याच्या दिशेनेच कापलेला हवा, नाहीतर वर्षभरात तो चार बोटं लांब होतो.

आता कमावणी. बाजारात दोन मुख्य जाती मिळतात, क्रोम (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) आणि वनस्पतीजन्य; धंद्यात दुसरीला सरळ ‘व्हेज टॅन’ म्हणतात. क्रोमचं कातडं मऊ, रंगाला चांगलं आणि पाण्याला कमी घाबरणारं. व्हेज टॅन हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल, वॅटल अशा टॅनिनमध्ये मुरवलेलं. ताठ, आकार धरणारं, कड घासली की काचेसारखी होणारं. केसच्या अंगासाठी माझा कौल व्हेज टॅनला आहे, कारण केसने आकार धरायला हवा आणि कोरीव ठसेकाम, नाव किंवा नक्षी फक्त त्यावरच नीट उमटते. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, न रंगवलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचे डाग पडतात. दुसरी, टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरड्यापासून शाई करत ती याच गुणावर. लोखंडी रिव्हेट, गंजकी किल्ली किंवा लोखंडी फडताळ ओल्या व्हेज टॅनला लागलं की काळा डाग पडतो आणि तो सहसा निघत नाही. याच गुणाची परीक्षाही करता येते. कारागिराकडून कातड्याची चिंधी मागून घ्या, व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस दोन-तीन दिवस भिजवून त्याचा थेंब कच्च्या बाजूवर टाका. व्हेज टॅन असेल तर तिथे काही क्षणांत राखाडी-काळं होतं. शुद्ध क्रोमवर असं होत नाही.

भारतात हे कातडं कुठून येतं, हे माहीत असलेलं बरं, कारण ‘देशी’ या शब्दाचा खरा अर्थ तिथेच ठरतो. कानपूरच्या जाजमऊ भागात म्हशीचं जाड हार्नेस कातडं बनतं, घोड्याच्या खोगीर-लगामांसाठीचं. कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही आहे. तमिळनाडूत वाणियंबाडी, अंबूर, राणीपेठ, दिंडिगल हा मोठा पट्टा. तिथलं पूर्वापार चालत आलेलं व्हेज टॅन कातडं ‘ई. आय. (ईस्ट इंडिया) लेदर’ या नावाने ओळखलं जातं, त्यालाही मानांकन आहे. कोलकात्यात टॅनरी पूर्वी टांगरा, तोपसिया, तिलजला या वस्त्यांत होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर त्यांना बानतलाच्या चर्मसंकुलाकडे हलावं लागलं. तिकडून बॅगांचं उत्तम काम येतं. धारावीत वस्तू बनतात, पण कातडं बहुतेक चेन्नई, कानपूर आणि कोलकात्याहूनच येतं. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर बैलाचं कातडं दुर्मिळ झालं, म्हशीचं मिळतं. केससाठी म्हशीचं कातडं मला आवडतं. ग्रेन जरा भरड दिसतो, पण जाडी भरपूर मिळते आणि ते मारही खातं.

कोल्हापूरबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तिथली पारंपरिक कमावणी बघण्यासारखी असते: कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात बाभूळ-हिरड्याचं पाणी भरून ती टांगतात आणि रस आतून बाहेर झिरपत कातडं मुरतं. या कातड्यावर माझं मनापासून प्रेम आहे. तरीही संपूर्ण केस त्यात करू नका. ते तळव्यासाठी केलेलं असतं, टणक. ८४ सेंटिमीटर लांबीचा बिनडाग तुकडा त्यात मिळवणं अवघड आणि पावसाचं पाणी ते पटकन पितं. त्याऐवजी झाकण, पट्ट्याच्या खांद्यावरचा भाग आणि वेणीकाम तिथल्या कारागिराकडून करून घ्या. वादी कापून वेणी घालण्यात त्यांचा हात धरणारा मला दुसरीकडे भेटलेला नाही.

सांगाड्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण क्यू वाचवतो तो सांगाडाच. चामडं फक्त त्याला झाकतं आणि धरतं.

पूल क्यू साधारण ५८ इंच, दोन सारखे तुकडे, म्हणजे प्रत्येकी २९ इंच. बट, म्हणजे मागचा जाड तुकडा, जॉइंटपाशी (दोन तुकडे जुळतात तिथे) साधारण २१ ते २२ मिलिमीटर आणि बंपरपाशी (मागच्या टोकाच्या रबरी बुचापाशी) ३२-३३ मिलिमीटर जाड. शाफ्ट जॉइंटपाशी तितकाच, टिपेकडे १२-१३ मिलिमीटर. बाजारातल्या केसवर १ बाय १, २ बाय २, २ बाय ४ असे आकडे असतात. पहिला आकडा बटांचा, दुसरा शाफ्टचा. तुमच्याकडे दोन बट आणि तीन शाफ्ट आहेत, म्हणून २ बाय ४ घ्या. शाफ्टची चौथी नळी रिकामी राहणार नाही, जंप क्यूचा (चेंडू उडवायच्या क्यूचा) शाफ्ट आज ना उद्या येतोच.

आत फोमचे खाचे असलेली केस घेऊ नका. फोम दमट हवेत चिकट होऊन चुरा होतो आणि तो चुरा क्यूच्या पॉलिशवर बसतो. नळ्यांची केस घ्या. आपल्याकडे सहज मिळणारा ४० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप बटासाठी जवळजवळ बेताचा आहे: दोन मिलिमीटरची भिंत वजा केली तर आत ३६, मिलिमीटरभर अस्तर लावलं की ३४. शाफ्टसाठी ३२चा पाइप. पाइप विकत घेताना भिंतीची जाडी बघा, कारण त्याच व्यासात पातळ पाइपही मिळतात. गुडघ्याने दाबून बघा. लोकलच्या दारातला रेटा त्याहून जास्त असतो.

इथे एक बारकावा आहे, ज्याकडे बहुतेक बनवणारे बघत नाहीत. बट निमुळता असतो, नळी सरळ. बंपरपाशी तो घट्ट बसतो, पण जॉइंटपाशी २२ मिलिमीटरचा बट ३४ मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी सहा-सहा मिलिमीटर हलतो. केस उचलली की पिनकडची (तुकडे जोडणाऱ्या स्क्रूकडची) बाजू नळीच्या भिंतीवर आपटत राहते. कारागिराला सांगून नळीच्या वरच्या भागात, जॉइंटच्या जवळ, फेल्टचं कडं बसवून घ्या, बंपर जेमतेम आत जाईल एवढं, दाबलं की मागे सरणारं. शिवाय बट आणि शाफ्ट, दोन्हींच्या जॉइंटकडच्या टोकांना जॉइंट प्रोटेक्टर, म्हणजे टोपणं, हवीतच. पिनचा आटा अस्तरात अडकला तर तुम्ही ओढता, अस्तर सुटतं आणि मग ती केस माझ्याकडे येते.

नळीची खोली अशी हवी की बट आणि शाफ्ट दोन-अडीच इंच वर राहतील. बोटांनी धरून काढता आले पाहिजेत, केस उलटी करून पाडायला लागू नयेत. हल्ली कार्बनचे ३० इंची शाफ्ट आणि बटाच्या मागे कायम लावलेले एक्स्टेन्शन वापरणारे खेळाडू आहेत. तसं काही घ्यायचा विचार असेल तर आजच्या मापावर केस करू नका. प्रोटेक्टरसकट सर्वात लांब तुकडा मोजा, त्यावर हात राहील एवढी जागा सोडा. बहुतेकांची केस ८४ सेंटिमीटरच्या आसपास येते.

तळाकडे खास बघा. क्यूच्या टिपेला घासायच्या चॉकची भुकटी सगळी तिथे साचते आणि दमट हवेत तिचा लगदा होतो. प्रत्येक नळीच्या तळाशी जाड रबरी चकती, तिच्यावर फेल्ट, आणि तळ स्क्रू काढून उघडता येईल असा. कायमचा चिकटवलेला तळ मी स्वीकारत नाही. बाहेरून तळाला कातड्याचा दुहेरी थर किंवा पितळी टेकू हवेत, कारण आपण केस भिंतीला टेकवून ओल्या फरशीवर उभी ठेवतो.

विचारणारे तुम्ही पूलवाले आहात, पण हे वाचणाऱ्यांत स्नूकरवालेही असतील. त्यांनी यातली मापं उचलू नयेत. त्यांचा तीन-चतुर्थांश जोडाचा क्यू म्हणजे ४०-४२ इंचांचा पुढचा भाग आणि उरलेला छोटा बट. केस ११० सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि तिथे चपटी, लाकडी सांगाड्याची पेटी जास्त शहाणपणाची. आपल्याकडे क्यूच्या खेळांची परंपरा मोठी आहे. विल्सन जोन्स १९२२ साली पुण्यातच जन्मले आणि १९५८मध्ये त्यांनी कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं. बिलियर्ड्स-स्नूकरचा विश्वविजेता पंकज अडवाणी याचा जन्मही पुण्याचाच. तरी क्यूच्या केस बनवणारा स्वतंत्र धंदा इथे उभा राहिला नाही. जुन्या क्लबांत अखंड क्यू रॅकवर किंवा पत्र्याच्या लांब नळीत कुलूपबंद राहायचा, घरी न्यायचाच नसायचा. त्यामुळे आज तुम्हाला ‘केसवाला’ मिळणार नाही. बॅग, पट्टे किंवा खोगीर बनवणारा चांगला हात शोधून त्याच्याकडून केस करून घ्यावी लागेल.

आता शिवण. अंगाच्या लांब शिवणी हाताने दोन सुयांच्या टाक्याने झालेल्या असाव्यात, निदान पट्ट्याची टोकं आणि बिजागरी तरी. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक घासून तुटला की पुढचे टाके उसवत जातात. दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो, एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. ८४ सेंटिमीटरच्या एका शिवणीत इंचाला सात टाके धरले तर सव्वादोनशेच्या वर टाके होतात, प्रत्येक भोक आरीने पाडलेलं. हाताच्या कामाचे पैसे जास्त का पडतात, हे यातून कळेल, आणि त्यावर घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. दोरा बॉण्डेड नायलॉन किंवा पॉलिएस्टर, मेण लावलेला. सुती दोरा आपल्या पावसाळ्यात कुजतो.

पट्ट्याच्या कड्या हे केसचं सर्वात दुबळं ठिकाण. भरलेली २ बाय ४ केस चार-साडेचार किलोंची होते आणि दुचाकीवर खड्ड्यात तिला झटका बसतो तेव्हा तो सगळा भार दोन कड्यांवर येतो. कडी धरणारी कातड्याची पट्टी नुसती वर शिवलेली नको. ती आतल्या नळीपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या किंवा पितळी रिव्हेटने, आतून पत्र्याची चकती देऊन, पक्की केलेली हवी. दुकानात तपासायचं तर कडीत बोट घालून जोरात ओढा आणि मुळाशी कातड्याला घडी पडते का बघा. पडली तर ती फक्त वरच्या थराला धरून आहे. वरची कडी झाकणाला कधीच नसावी. झाकण म्हणजे बिजागरीवर लटकणारा भाग, त्याच्यावर भार टाकला की बिजागरी जाते. खालची कडी तळाला न लावता तळापासून पाव अंतर वर लावली तर केस पाठीवर तिरकी, नीट बसते आणि हेल्मेटला लागत नाही.

धातूचा प्रश्न मुंबईत फार गंभीर. स्वस्त फिटिंग जस्ताच्या मिश्रधातूचं आणि त्यावर मुलामा. खाऱ्या हवेत मुलामा फुगतो, आतला धातू ठिसूळ असतोच. भरीव पितळ घ्या. चुंबक जवळ नेऊन लोखंड तरी ओळखता येतं. मुलाम्याचं जस्त वजनावरून आणि एखाद्या न दिसणाऱ्या जागी हलकं खरवडून. पितळावर तेलकट कातड्याशेजारी हिरवट मेणासारखा थर येतो, त्याला घाबरू नका, कापडाने पुसला की जातो. चेन ८ किंवा १० नंबरची हवी. ५ नंबरची पर्सला ठीक. मला विचाराल तर मुख्य झाकणाला चेनच नको. टोपीसारखं झाकण आणि त्याला पट्टा-बक्कल, चेन फक्त खिशांना. चेन बिघडली तर केस उघडत नाही आणि समोर सामना सुरू व्हायचा असतो. बक्कल तुटलं तर दोरी बांधूनही घरी येता येतं.

कातडं किती जाड? इथे लोक हौसेने चुकतात. साडेतीन मिलिमीटरचं कातडं हातात घेतलं की भारी वाटतं, पण नळ्यांचा सांगाडा स्वतः कडक असताना अंगाला इतकी जाडी लागत नाही. दोन ते अडीच मिलिमीटर पुरे, पट्टा साडेतीन, खिसे दीड. किलोच्या आसपास वजन वाचतं आणि ते तुमच्या खांद्यावरून वाचतं. उलट एक मिलिमीटरचं कातडं प्लायवुडवर ‘सोल्युशन’ने चिकटवलेली पेटी मिळते, ती घेऊ नका. मे महिन्यात गाडीत ठेवली की सोल्युशन मऊ होतं, कोपऱ्यांवर कातडं सुटतं आणि फुगे येतात.

किमतीबद्दल. आकडा सांगत नाही, कारण कातड्याचा भाव जात, जाडी आणि मोसमाप्रमाणे बदलतो. हिशोब कसा करायचा ते सांगतो. कातडं चौरस फुटावर विकतात. २ बाय ४ केसचा घेर साधारण ४० सेंटिमीटर, लांबी ८४. अंगालाच साडेतीन चौरस फुटांच्या वर जातं. झाकण, तळ, खिसे, पट्टा धरून साडेसहा-सात. कातड्याचा आकार वेडावाकडा, त्यात गोचिडीचे, काट्यांचे, डागण्याचे व्रण. ते टाळून कापायचं तर ९-१० चौरस फूट लागतात. कारागिराला भाव विचारा, १०ने गुणा, त्यात पितळ, अस्तर, पाइप धरा. उरते ती मजुरी. एखादी ‘फुल ग्रेन’ केस या कच्च्या मालाच्याही खालच्या किमतीत मिळत असेल तर तिच्यात काय नाही, हे वेगळं सांगायला नको.

तयार केस ऑनलाइन घेणार असाल तर पाकिटावरचा मजकूर वाचा. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचं, वेष्टन करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि आयात माल असेल तर मूळ देशही. नाव भारतीय आणि खाली ‘इम्पोर्टेड बाय’ असं बऱ्याचदा दिसतं. विक्रेत्याला तीन प्रश्न लिहून पाठवा: कातडं कुठल्या गावच्या टॅनरीचं, शिवण कुठे झाली, आणि कडी उपटली तर कोण दुरुस्त करून देणार? तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर पहिल्या दोघांना फारसा अर्थ नाही. देशी केसचा खरा फायदा मला इथेच दिसतो. बनवणारा माणूस एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर असतो, त्याच्याकडे त्याच रंगाचं कातडं असतं आणि आपण केलेलं काम तो ओळखतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी खेळाडूंसाठी एवढंच: हाताने ठसेकाम केलेल्या नळीच्या चामडी केसची परंपरा तिथलीच आहे. तिथे वस्तूवर बिनशर्त ‘मेड इन यूएसए’ लिहायचं तर ती जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनलेली असावी लागते. २०२१पासून हे नियमाच्या रूपात आहे आणि मोडल्यास दंड होतो. त्यामुळे तिथे त्या शब्दांवर आपल्या इथल्यापेक्षा जास्त विसंबता येतं.

पावसाळ्याबद्दल बोलल्याशिवाय टिकाऊपणाची गोष्ट पूर्ण होत नाही. जुलैत मुंबईतली बाहेरची हवा इतकी ओली असते की २४-२५ अंशांच्या खाली थंड झालेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. वातानुकूलित हॉलमध्ये तीन तास राहिलेला क्यू तितका थंड असतोच. म्हणून क्यू हॉलच्या आतच पुसून केसमध्ये घाला, झाकण लावा आणि घरी गेल्यावर अर्धा तास उघडू नका. केस आणि क्यू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्यानंतर मात्र झाकण उघडून ठेवा, आतली ओल निघून जाते. नळ्यांच्या तोंडाशी सिलिका जेलची पुडी चालते, महिन्याने ती सुकवून परत वापरा. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने ती घराबाहेर झटका, स्पिरिटने ओलावलेल्या फडक्याने हलकं पुसा (आधी न दिसणाऱ्या जागी रंग जातो का बघून) आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवू नका, व्हेज टॅन कडक होऊन तडकतं. घरोघरी चामड्याला खोबरेल चोळतात. केसला ते करू नका. जास्त तेलाने अंग ढिलं पडतं आणि बुरशीला खाऊ मिळतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा पातळ हात पुरेसा आहे.

विमानाने जाणार असाल तर क्यू केबिनमध्ये नेता येत नाही, सामानात द्यावा लागतो. चामड्याची केस तशीच देऊ नका. कपड्यांत गुंडाळून कडक सुटकेसमध्ये तिरकी बसते का बघा, नाहीतर मोठ्या पीव्हीसी नळीत घालून द्या.

तर तुमच्यासाठी नेमकं सांगायचं झालं तर असं करा. सांगाडा आधी बनवा, कातड्याचं नंतर बघा. नळ्या कापून, अस्तर आणि नळ्यांच्या वरची फेल्टची कडी बसवून, दोन-तीन आठवडे तो तसाच उघडा वापरा. माप चुकलं असेल तर तिथेच कळतं आणि दुरुस्तीला काही पैसे पडत नाहीत. मग तो सांगाडा घेऊन धारावीतल्या किंवा पुण्यातल्या बॅग शिवणाऱ्या कारागिराकडे जा. कानपुरी म्हशीचं व्हेज टॅन मागा, सव्वादोन मिलिमीटर, गडद तपकिरी, कारण फिकट रंगावर चॉकची निळाई आणि पाण्याचे डाग दोन्ही दिसतात. कड्यांची जागा खडूने तुम्ही स्वतः आखून द्या, सांगाडा पाठीवर लावून, हेल्मेट घालून. निम्मे पैसे आधी द्या. घ्यायला जाल तेव्हा क्यू बरोबर न्या. पाचही तुकडे नळ्यांत घालून केस आडवी धरा आणि हलवा, आवाज येता कामा नये. मग पट्टा खांद्याला लावून जिने चढा-उतरा, कडीच्या मुळाशी घडी पडली का पाहा, तळाचे स्क्रू काढून परत बसवून बघा. हे सगळं नीट असेल तर उरलेले पैसे तिथेच द्या आणि झाकणाच्या आत कारागिराचं नाव आणि वर्ष ठशाने उमटवून मागा; दहा वर्षांनी दुरुस्तीला कोणाकडे जायचं, हे केसवरच लिहिलेलं असेल.